चार दिवसांचं मौन आणि उंदरांचं वर्ष

१४ मे १९९३. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलप गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारीत बसलेल्या, नवाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीतल्या एका तरुणाला श्वास पुरेना. घरच्या माणसांबरोबर तो ज्या दफनविधीला निघाला होता, तो त्याच्या होणाऱ्या बायकोचा होता. तीही काही दिवसांपूर्वी अशीच गेली होती, आधी ताप आणि अंगदुखी, मग अचानक दम. तरुण नावाजलेला धावपटू. छाती भात्यासारखी चालणाऱ्यांपैकी. त्याला गॅलपच्या इंडियन मेडिकल सेंटरमध्ये आणलं तेव्हा फुप्फुसं पाण्यानं भरली होती. तो वाचला नाही.

दोघांची नावं नोंदींत आहेत, बातम्यांतही छापून आली आहेत. मी ती इथे देत नाही. त्याचं कारण या प्रकरणाच्या गाभ्यातच आहे.

पुढच्या काही आठवड्यांत जे घडलं ते साथरोगशास्त्राच्या वर्गात एका नव्या विषाणूच्या शोधाची गोष्ट म्हणून शिकवतात. गोष्ट खरी आहे आणि थरारकही आहे. पण मला ती दुसऱ्या बाजूनं महत्त्वाची वाटते. एखाद्या समाजाची श्रद्धा आणि मूल्यं म्हणजे सणावारी बाहेर काढायची वस्त्रं नव्हेत. घर कसं झाडायचं, धान्य कुठे ठेवायचं, मेलेल्या माणसाबद्दल कधी बोलायचं, परक्याला दारात कसं उभं करायचं, या सगळ्यांत ती मुरलेली असतात. १९९३च्या त्या उन्हाळ्यात नवाहोंच्या या मुरलेल्या गोष्टी एकीकडे तपासाच्या आड आल्या आणि दुसरीकडे तपासाला वाट दाखवून गेल्या. माझं म्हणणं इतकंच आहे की या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

मुलूख आणि माणसं

नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे माणसं. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटरचा आहे. पण त्यांच्या मते त्यांचा मुलूख सरकारी नकाशानं ठरत नाही, तो चार पवित्र डोंगरांनी ठरतो: पूर्वेला ब्लँका पीक, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स आणि उत्तरेला हेस्पेरस. या चौकटीच्या आत राहणं म्हणजे आपल्या जागी असणं.

‘आपल्या जागी असणं’ हे शब्द लक्षात ठेवायला हवेत. नवाहो विचाराच्या मध्यभागी ‘होझो’ नावाची कल्पना आहे. तिला सौंदर्य म्हणावं, सुसंवाद म्हणावं, की प्रकृती ठीक असणं म्हणावं? तिन्ही थोडं थोडं आहे. जग नीट लागलेलं असतं, प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते, आणि माणसानं आपल्या वागण्यानं ती घडी मोडू नये. आजार म्हणजे घडी मोडल्याची खूण. म्हणून उपचार करणाऱ्याला ‘हताली’ म्हणतात, शब्दशः गाणारा. तो दोन-दोन, पाच-पाच, क्वचित नऊ रात्री गातो, जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं काढतो, आणि रोग्याला पुन्हा त्याच्या जागी बसवतो. त्या गाण्यांत एक शब्द चुकला तरी चालत नाही, आणि एकेक विधी शिकायला वर्षानुवर्षं जातात.

दुसरा आधार ‘के’ म्हणजे नात्याचा. कूळ आईकडून येतं. नवाहो माणूस आपली ओळख देताना हुद्दा सांगत नाही. आईचं कूळ आधी, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं, अशी चार कुळं सांगतो. समोरच्याचं त्यातलं एखादं कूळ जुळलं की दोघं तिथल्या तिथे बहीण-भाऊ, मावशी-भाचा, आजी-नातू होतात, आणि त्या नात्याची जबाबदारीही लागू होते.

पहिले दिवस

न्यू मेक्सिकोत कारण न कळलेला मृत्यू शासकीय वैद्यकीय तपासनिसाकडे कळवावा लागतो. तसं कळवलं गेलं, कुटुंबांशी बोलणं झालं, शवविच्छेदन झालं. मग जुन्या नोंदी चाळल्यावर काही तासांतच असे पाच तरुण मृत्यू सापडले. सगळे आधी धडधाकट, सगळे श्वास कोंडून गेलेले. पहिला संशय प्लेगवर गेला. त्या भागातल्या रानउंदरांच्या पिसवांत तो अजूनही असतो. प्लेग नव्हता. इन्फ्लुएंझाही नव्हता. मेअखेरीस अ‍ॅटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची माणसं आली.

जूनच्या सुरुवातीला प्रयोगशाळेनं धागा पकडला. रोग्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं हंता विषाणूंच्या गटाशी प्रतिक्रिया देत होती. हे अनपेक्षित होतं. हंता हे कोरियातल्या एका नदीचं नाव. पन्नासच्या दशकातल्या कोरियन युद्धात सुमारे तीन हजार सैनिकांना ज्या तापानं गाठलं होतं, त्याचा विषाणू पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या उंदरांत सापडला. पण तो मूत्रपिंडावर जायचा. फुप्फुसं बुडवणारा आणि अमेरिकेत माणसं मारणारा हंता विषाणू तोवर कुणाला ठाऊक नव्हता.

इथपर्यंतचं काम रक्ताचे नमुने आणि यंत्रं यांच्यावर निभावलं. यापुढे माणसांना विचारणं भाग होतं.

तसं बोलू नये

साथ शोधणाऱ्याला हवं असतं ते असं: आजाराच्या आधीच्या महिनाभरात मेलेला माणूस कुठे झोपला, काय खाल्लं, कोणती खोली कुणी झाडली, धान्याची कोठी कुणी उघडली, आजूबाजूला आणखी कोण खोकत होतं. ही माहिती ताजी असेल तर कामाची, म्हणजे मृत्यूनंतर चार-सहा दिवसांत. आणि ती द्यायची जवळच्या नातेवाइकांनी.

आता नवाहो घरात त्या चार-सहा दिवसांत काय चाललेलं असतं ते पाहू. माणूस गेला की त्याच्यातलं जे चांगलं ते निसर्गात परत जातं, आणि जे बेसूर, अपुरं, न मिटलेलं राहिलं ते मागे रेंगाळतं. त्याला ‘चींडी’ म्हणतात. ते मेलेल्याच्या वस्तूंना, त्याच्या जागेला आणि त्याच्या नावाला चिकटलेलं असतं. म्हणून मृत्यूनंतरचे चार दिवस शोक पाळायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याविषयी बोलायचं नाही, त्याचा प्रवास अडवायचा नाही. पूर्वी होगनमध्ये, म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या त्या गोलसर माती-लाकडाच्या घरात कुणी दगावलं, तर उत्तरेची भिंत फोडून मृतदेह बाहेर काढत आणि ते घर कायमचं सोडून देत. म्हणूनच अनेक कुटुंबं मरणासन्न माणसाला घरात ठेवत नसत. आजही रुग्णालयात नेण्यामागे हा एक विचार असतो.

मराठी वाचकाला इथे सुतक आठवेल. पण फरक मोठा आहे. आपल्या सुतकात शिवाशिव असते, पण गेलेल्याचं नाव जिभेवर असतंच. माणसं भेटायला येतात ती त्याच्या आठवणी काढायलाच, आणि पुढे तर्पणात त्याचं नाव-गोत्र घेऊनच पाणी द्यायचं. नवाहो शोक याच्या उलट आहे. तिथे नाव न घेणं हाच आदर, आणि तीच काळजी.

यामागे भाषेबद्दलची एक धारणा आहे, आणि माझ्या मते नवाहो जीवन समजायला तिच्याहून मोठी किल्ली नाही. शब्द नुसते वर्णन करत नाहीत, ते घडवतात. प्रार्थनेत ‘माझे पाय बरे झाले’ असं म्हटलं की पाय बरे होण्याची वाट मोकळी होते. तसंच ‘तुला हा रोग होऊ शकतो’ असं म्हटलं की त्याला दार उघडून दिलं जातं. वडीलधारी मुलांना टोकतात, तसं बोलू नये. १९९५ साली जोसेफ कॅरेसी आणि लॉर्ना ऱ्होड्स यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. त्यांनी ३४ नवाहो व्यक्तींशी बोलून पाहिलं होतं. बहुतेकांचं मत असं पडलं, की पुढे काय वाईट होऊ शकेल हे रोग्याला तोंडावर सांगणं आणि मरणाआधीच्या इच्छा लिहून घेणं हे उपकारक नाही, अपायकारक आहे. अमेरिकेतलं वैद्यकीय नीतिशास्त्र रोग्याला सगळं सांगणं हे कर्तव्य मानतं. त्या कर्तव्याचाच इथे घाव होत होता.

अशा घराच्या दारात १९९३च्या मे-जूनमध्ये हातात प्रश्नावली घेतलेला परका माणूस उभा राहिला, आणि त्याच्या मागे कॅमेरे. पत्रकार दफनविधीत शिरले. मेलेल्यांची नावं छापली, शोकातल्या माणसांसमोर माइक धरले. लोकांनी दारं लावून घेतली, गावच्या सभागृहांनी पत्रकारांना मज्जाव केला. बाहेरच्यांनी त्याचा अर्थ लावला की हे लोक सहकार्य करत नाहीत, काहीतरी लपवत आहेत, अंधश्रद्धेपायी स्वतःचा जीव धोक्यात घालत आहेत.

हे मौन फुकटात पडलं असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत होती. साथीत एकेक दिवस मोलाचा असतो, आणि न दिलेल्या उत्तरामागे पुढचा रोगी असू शकतो. पण मौन फोडायला दटावणी उपयोगी पडत नाही, हे ज्यांना कळलं त्यांचंच काम पुढे सरकलं. नवाहो बोलणारे दुभाषे आणि १९६८पासून वस्त्यावस्त्यांवर काम करणारे सामुदायिक आरोग्य प्रतिनिधी सोबत आले. दुभाष्यानं आधी आपली कुळं सांगायची, समोरच्याची ऐकायची. कुठेतरी धागा जुळला की प्रश्न विचारणारा आता सरकारी माणूस नसतो, तो कुणाचा तरी भाचा असतो आणि त्याला मदत करणं हे नात्याचं काम होतं. प्रश्नही वळवून घालावे लागतात. ‘तुमचा मुलगा कसा आजारी पडला’ असं न विचारता ‘अशा घरात एखादा माणूस राहत असेल, तर तो कोठीत कधी जात असेल’ असं. तिसऱ्याच माणसाविषयी बोलायचं, म्हणजे शब्द कुणावर येऊन बसत नाहीत. नवाहो रोग्यांशी बोलताना आजार आणि मरण यांविषयी ही रीत वापरावी, असा सल्ला पुढे डॉक्टरांसाठीच्या लिखाणातही आला.

न सांगता मागे उभा असलेला इतिहास

दारं लागण्यामागे फक्त चींडीचं भय नव्हतं. सरकारी माणूस दारात आला की काय होतं, याची या लोकांना पिढ्यांची आठवण आहे.

१८६३-६४मध्ये किट कार्सन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या फौजेनं त्यांची मक्याची शेतं आणि पीचच्या बागा जाळल्या आणि हजारोंना शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. चार डोंगरांच्या बाहेर. १ जून १८६८च्या तहानंतर ते परतले. मग १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून जॉन कॉलिअर यांच्या खात्यानं, म्हणजे मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्यानं, मेंढ्या-बकऱ्या सक्तीनं कमी केल्या. कित्येक जनावरं तर विकलीही गेली नाहीत, जागच्या जागी मारली गेली. मेंढ्या बहुतेक बायकांच्या मालकीच्या. घरातली त्यांची पत, मुलांची शिकवण, विधींतलं देणंघेणं, सगळं त्या कळपावर उभं होतं. १९४४ ते १९८६ या काळात याच जमिनीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज निघालं. खाणीत उतरलेल्या नवाहो कामगारांना त्याचा धोका कुणी सांगितला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगानं बायका विधवा झाल्या, आणि भरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडलं.

म्हणजे १९९३मध्ये तरुण माणसं श्वास कोंडून मरू लागली, तेव्हा गॅलपजवळच्या फोर्ट विंगेट या लष्करी कोठाराकडे लोकांनी संशयानं पाहिलं, यात नवल काय? तो संशय खोटा ठरला. पण तो वेडेपणाचा नव्हता.

उंदरांचं वर्ष

आता दुसरी बाजू. बेन मुनेटा हे नवाहो डॉक्टर ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’कडून, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्य सेवेकडून, या तपासात होते. त्यांनी प्रयोगशाळेबरोबरच हतालींचाही सल्ला घेतला. चौकशीची सुरुवात त्यांनी ‘काय झालं’ इथून केली नाही. ‘असं पूर्वी झालं होतं का’ असं विचारलं.

झालं होतं, असं उत्तर आलं. १९१८मध्ये आणि १९३३मध्ये. दर वेळी आधी पाऊस-बर्फ उदंड, मग पिन्योनचं पीक उदंड, मग उंदीर उदंड, आणि मग तरुण, बळकट माणसं मरायची.

पिन्योन म्हणजे त्या पठारावरचं बुटकं पाइन. त्याच्या शंकूत चिलगोज्यासारखी तेलकट बी असते. हे झाड दर वर्षी भरभरून पिकत नाही, मधली काही वर्षं कोरडी जातात. पीक लागलं की कुटुंबंच्या कुटुंबं झाडाखाली चादरी अंथरून बी गोळा करतात. तीच बी उंदरांचंही अन्न आहे. कितीतरी वर्षांच्या ओढीनंतर १९९२-९३मध्ये एल निनोमुळे इथे भरपूर बर्फ आणि पाऊस पडला होता. नवाहो घरातल्या आजीला हे ऋतू, पीक आणि उंदीर वेगवेगळे दिसत नव्हते. एका साखळीच्या त्या कड्या होत्या.

हतालींचं पुढचं म्हणणं अधिक बारकाईचं होतं. उंदीर हा बी पेरणारा, म्हणून मान देण्याजोगा जीव. पण त्याचं जग बाहेरचं आणि रात्रीचं, माणसाचं जग आतलं आणि दिवसाचं. दोघांनी एकमेकांत मिसळायचं नाही. त्याची लाळ, मूत आणि लेंड्या यांतून जुने रोग येतात. म्हणून घरात त्याला थारा नको, अन्नधान्य त्याच्यापासून झाकून ठेवायचं, आणि कपड्याला त्याचा स्पर्श झाला तर तो कपडा जाळून टाकायचा. ज्या घरात ही शिस्त सैल पडते तिथे उंदीर बळकटातल्या बळकटाला निवडून नेतो.

इकडे प्राणिशास्त्रज्ञ पिंजरे लावत होते. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे १,७०० उंदीर-घुशी पकडल्या गेल्या. त्यांत सर्वाधिक होता डिअर माउस: करडी पाठ, पांढरं पोट, मोठाले कान, मुठीत मावेल एवढा. तपासलेल्या डिअर माउसपैकी सुमारे ३० टक्क्यांत संसर्गाची खूण होती. त्याच्या वाळलेल्या मुतातून आणि लेंड्यांतून उडालेली धूळ श्वासात गेली की विषाणू माणसात शिरतो. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांकडे सेविलेटा अभयारण्यातली वर्षानुवर्षांची मोजणी तयार होती. त्यावरून दिसलं, की मे १९९२च्या तुलनेत मे १९९३मध्ये उंदरांची संख्या सुमारे दहापट झाली होती. आणि त्यांनी दाखवलेली कारणांची साखळी तीच होती: पाऊस, बी, उंदीर, माणूस.

इथे फार सांभाळून बोलायला हवं. अशा गोष्टींतून ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ अशी आरोळी निघायला वेळ लागत नाही, आणि ती मराठी कानांना ओळखीची आहे. हतालींनी विषाणू शोधला नाही. तो रक्ताच्या नमुन्यांतून सापडला, आणि नोव्हेंबर १९९३पर्यंत तो वेगळा काढून वाढवला गेला. १९१८ आणि १९३३चे मृत्यू याच रोगाचे होते, हे आता कुठल्याही चाचणीनं सिद्ध होणार नाही. पण रोग नवा नव्हता हे नंतर पुढे आलं. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून कळलं की १९५९मध्ये युटातला ३८ वर्षांचा एक माणूस याच विषाणूनं गेला होता. वडीलधाऱ्यांकडे होतं ते असं ज्ञान, जे कित्येक पिढ्या एकाच जमिनीकडे पाहत राहिल्याशिवाय हाती येत नाही: कोणत्या वर्षी काळजी घ्यायची आणि कशापासून. सीडीसीनं स्वतःच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की नवाहोंच्या वैद्यकपरंपरेत असा रोग ओळखीचा होता, त्याचा उंदरांशी संबंध जोडलेला होता, आणि तो टाळण्याचे त्यांचे उपाय सार्वजनिक आरोग्याच्या शिफारशींशी जुळतात.

आता ही दोन दृश्यं शेजारी ठेवून पाहावीत. उंदराला घराबाहेर ठेवणारी आणि मेलेल्याचं नाव ओठांबाहेर न काढणारी माणसं एकच आहेत, आणि दोन्हींमागचा विचारही एकच. आत आणि बाहेर, दिवस आणि रात्र, जिवंत आणि गेलेले, यांच्यामध्ये रेषा आहेत. त्या जपल्या तर होझो टिकतं. तपासाला उंदराचा नियम उपयोगी पडला म्हणून त्याला ज्ञान म्हणायचं, आणि मौनाचा नियम अडचणीचा ठरला म्हणून त्याला अंधश्रद्धा म्हणायचं, हे मला पटत नाही. ज्यानं मौनाचा अपमान केला त्याला उंदरांची गोष्ट कुणी सांगितलीच नसती. 

नाव

मे-जूनच्या बातम्यांत या रोगाला ‘नवाहो फ्लू’ म्हटलं गेलं. तो फ्लू नव्हता, आणि मेलेल्यांत गोरे होते, हिस्पॅनिक होते. तरी नाव चिकटलं आणि परिणाम लगेच झाले. उपाहारगृहांत वेट्रेसनी हातमोजे घालून नवाहो गिऱ्हाइकांना वाढलं. चिनली गावच्या तिसरीतल्या मुलांची लॉस एंजेलिसच्या शाळेतल्या पत्रमित्रांना भेटण्याची सहल ठरली होती. त्या शाळेनं येऊ नका म्हणून कळवलं. तेव्हाचे नवाहो राष्ट्राचे अध्यक्ष पीटरसन झाह यांनी या नावाचा जाहीर निषेध केला. शब्द घडवतात असं मानणाऱ्या समाजाच्या तोंडावर असा शब्द फेकला गेला, आणि त्यानं खरोखरच काय घडवलं ते त्यांच्या मुलांनी पाहिलं.

मग शास्त्रज्ञांची पाळी. नवा विषाणू जिथे सापडला त्या जागेचं नाव त्याला द्यायची प्रथा होती. चार राज्यांचे कोपरे जिथे मिळतात त्या या भागावरून ‘फोर कॉर्नर्स विषाणू’ म्हटलं तर तिथल्या लोकांनी हरकत घेतली. मग ‘म्युर्टो कॅन्यन’ सुचलं, म्हणजे मृताची दरी. कॅन्यन डे शेलीची ही एक शाखा आहे. १८०५मध्ये तिथल्या एका गुहेत लपलेल्या शंभराहून अधिक नवाहोंना स्पॅनिश सैनिकांनी गोळ्या घातल्या. नवाहोंच्या आठवणीत ती बहुतेक म्हातारी माणसं, बायका आणि मुलं होती. ज्या जागेविषयी मोठ्यानं बोलणंही टाळतात, तिचं नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत एका मारक रोगाला जोडलं जाणार होतं. नवाहोंनी विरोध केला आणि तो ऐकला गेला.

शेवटी विषाणूचं नाव ठरलं ‘सिन नोम्ब्रे’. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ ‘बिननावाचा’.

याला काहीजण वाद टाळण्याची तडजोड म्हणतात. मला ते नाव योग्य वाटतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या रीतीला धरूनच ते आहे, ठरवणाऱ्यांच्या मनात तसं असो वा नसो. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या रोगांना जागेचं, लोकसमूहाचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नये अशा सूचना काढल्या. दिनेंनी हाच आग्रह २२ वर्षं आधी धरला होता.

त्यानंतर

१९९७-९८मध्ये एल निनो परतला, पुन्हा पाऊस, पुन्हा उंदीर, आणि रुग्णही वाढले. पण या वेळी धोक्याची सूचना आधीच गेली होती. तीत सांगितलेलं असं होतं: बंद राहिलेलं घर, कोठी किंवा गोठा उघडला की दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचच्या पाण्यानं भिजवा, मग पुसून घ्या. धान्य झाकणबंद डब्यात ठेवा. भिंतीतली भोकं बुजवा.

२०१२च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा पर्यटकांना हाच रोग झाला, तिघे दगावले. बहुतेकजण ज्या तंबूघरांत राहिले होते त्यांच्या दुहेरी भिंतींत उंदरांनी घरटी केली होती. ती तंबूघरं बंद करण्यात आली. रोगाला त्या पर्यटकांच्या जातीचं किंवा गावाचं नाव कुणी दिलं नाही, आणि त्यांच्या मुलांना कुठल्या शाळेनं दारात अडवलं नाही.